गृहनिर्माण संस्था : मासिक देणे आणि सभासदाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, तरुणांचे उद्योगधंदे अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. यंदा मंडळाने माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकास पाचारण केले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी निवडलेला विषय मात्र थोडा रुक्ष आहे. आपण ज्या इमारतींत राहतो त्या इमारतींच्या सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे ज्यांना आपण सगळेच 'सोसायटी' म्हणतो, त्यांचे नियम आणि दरमहा किंवा दर तिमाहीस हाती पडणारे बिल, हा तो विषय होय.

मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या आणि उभी हयात फळ्यासमोर घालविलेल्या माणसाने कायद्याच्या गोष्टी सांगाव्या, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु वकिलाने सांगावयाचा कायदा निराळा आणि शेजाऱ्याने सांगावयाचा निराळा. आमच्या इमारतीच्या संस्थेचे खजिनदारपद मी अकरा वर्षे सांभाळले. त्या अवधीत बिलावरून झालेली जितकी भांडणे मी ऐकली, तितकी आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीतही ऐकली नव्हती. आणि त्या भांडणांपैकी बहुतेक भांडणांच्या मुळाशी दुष्टबुद्धी नसून अज्ञान होते, असे माझ्या अनुभवास आले. एकाच मजल्यावर वीस वर्षे राहिलेली दोन कुटुंबे, त्यांतही कधी कधी आपल्याच ज्ञातीची, एकमेकांच्या घरच्या हळदीकुंकवास जात नाहीत. आणि कारण काय, तर उद्वाहनाचे, म्हणजे लिफ्टचे अडीचशे रुपये! यास्तव हा विषय रुक्ष असला तरी तो आपल्या घरापर्यंत, किंबहुना घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपलेला आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला. तो केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली आणि १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचा निर्देश केला जातो. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक होत. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, हे कार्य एका लहानशा ज्ञातीच्या मध्यमवर्गीय, नोकरीपेशाच्या माणसांनी केले. एकट्यादुकट्यास मुंबईत घर बांधणे शक्य नव्हते. परस्परांवर विश्वास होता. तो विश्वास त्यांनी नोंदवहीत, हिशेबात आणि नियमांत उतरविला. नुसत्या विश्वासावर घर उभे राहत नाही आणि नुसत्या नियमांवर ते टिकत नाही, हा धडा त्या पहिल्या संस्थेपासून आपणांस घेता येतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील मात्र भाड्याच्या खोलीत राहिले. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींत आपली पिढी वाढली. तेथे घरमालक नावाची एक व्यक्ती असे. नळ गळला की मालकाकडे जावे, जिन्याचा कठडा हलू लागला की मालकास बोल लावावा, अशी आपल्याला सवय जडली. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरूस त्याने आसरा मिळाला हे खरे. परंतु भाडे जागच्या जागी राहिले आणि डागडुजीचा खर्च वाढत गेला. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू पैसा देईना, आणि इमारत मात्र दरवर्षी एक पावसाळा खात होती. अखेर १९६९ साली शासनास उपकर बसवून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले. यात कोणास दोष द्यावा हा माझा हेतु नाही. ज्या घरासाठी नियमाने पैसा बाजूला पडत नाही ते घर कोणाच्याही मालकीचे असो, एके दिवशी ते पडतेच, एवढेच मला त्यातून दाखवावयाचे आहे.

आता आपण डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल, पुणे अशा ठिकाणी स्वतःच्या सदनिकांत राहावयास गेलो. घर बदलले, पण मन चाळीतलेच राहिले. सोसायटीचे बिल हाती पडले की आपण म्हणतो, "भाडे वाढवले की हो यांनी!" बंधूंनो, हे भाडे नव्हे. भाडे दुसऱ्यास द्यावयाचे असते. येथे घरमालकही आपण आणि रहिवासीही आपणच. इमारतीच्या एकंदर खर्चातील आपला वाटा आपण आपल्याच पेटीत टाकीत असतो. आपल्या या मंडळाची वार्षिक वर्गणी आपण कोणास देतो? स्वतःसच देतो. तद्वतच हे आहे. एवढे एक जरी मनात ठसले तरी माझे निम्मे भाषण संपले असे मी समजेन.

आता नियम कोणते आणि त्यांत थोरले-धाकटे कोण, ते पाहू. सर्वांत वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याखाली १९६१ चे नियम. त्याखाली प्रत्येक संस्थेचे नोंदणीकृत उपविधी. हे बहुधा शासनाच्या आदर्श उपविधींप्रमाणे असतात. त्याखाली सर्वसाधारण सभेचे ठराव आणि सर्वांत खाली व्यवस्थापक समितीचे निर्णय. शाळेत जसा शिक्षणखात्याचा नियम मुख्याध्यापकास मोडता येत नाही आणि मुख्याध्यापकाचा हुकूम वर्गनायकास बदलता येत नाही, तसाच हा क्रम आहे. समितीस सभेचा ठराव डावलता येत नाही, आणि सर्व सभासदांनी एकमताने हात वर केले तरी उपविधींविरुद्ध ठराव टिकत नाही. पुष्कळ सभासद "समितीने ठरविले म्हणजे ठरले" असे समजून मुकाट्याने बसतात. दुसरे कित्येक "सभेने ठरविले तरी मी मानणार नाही" असे म्हणून अडून बसतात. दोघेही उपविधींची ती लहानशी पुस्तिका वाचीत नाहीत. साऱ्या कलहाचे मूळ येथेच आहे.

आता आपण बिल वाचू. समजा, एका इमारतीत २४ सदनिका आहेत. १२ लहान आणि १२ मोठ्या. लहान सदनिकेचा बांधकामखर्च जमिनीची किंमत वगळून ८ लाख रुपये आणि मोठीचा १२ लाख रुपये धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. रीत मात्र २०१४ च्या आदर्श उपविधींची आहे.

पहिली बाब सेवा शुल्क. पहारेकऱ्याचे व सफाई कामगाराचे वेतन, जिन्यातील व आवारातील दिवे, कार्यालयाचा खर्च, छपाई, लेखापरीक्षणाचे शुल्क इत्यादी यात येते. हा खर्च सर्व सदनिकांत सारखा वाटावयाचा असतो. महिन्याचा खर्च ४२,००० रुपये असेल तर प्रत्येकी १,७५० रुपये. येथे लहान सदनिकेचा मालक म्हणतो, "माझे घर लहान, मी एवढे का द्यावे?" परंतु पहारेकरी रात्री जागतो तो चौरस फूट मोजून जागत नाही. लहान घराच्या दाराचे आणि मोठ्या घराच्या दाराचे रक्षण तो सारखेच करतो.

दुसरी बाब लिफ्ट. ज्या इमारतीत ती आहे तिच्या सर्व सभासदांनी तिचा खर्च सारखा सोसावयाचा. मग कोणी तिचा वापर करो अथवा न करो. तळमजल्यावरील सभासदास हे अन्यायाचे वाटते. परंतु लिफ्ट हे इमारतीचे अंग आहे, आणि इमारतीच्या त्या अंगावर त्याचीही मालकी आहे. महिन्यास ६,००० रुपये खर्च असेल तर प्रत्येकी २५० रुपये.

तिसरी बाब पाणी. हा खर्च प्रत्येक घरातील नळजोडांची संख्या व आकार यांवर वाटावयाचा. लहान घरात ३ आणि मोठ्या घरात ५ नळ धरले तर एकूण ३६ आणि ६० मिळून ९६ नळ झाले. पाण्याचे देयक ९,६०० रुपये असेल तर दर नळास १०० रुपये. म्हणजे लहान घरास ३०० आणि मोठ्यास ५००.

चौथी बाब दुरुस्ती व देखभाल निधी. याचा दर सर्वसाधारण सभेने ठरवावयाचा. मात्र तो सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या वर्षाकाठी पाऊण टक्क्याहून कमी नसावा. लहान घरास वर्षाचे ६,००० म्हणजे महिन्यास ५०० रुपये, आणि मोठ्यास वर्षाचे ९,००० म्हणजे महिन्यास ७५० रुपये.

पाचवी बाब सिंकिंग फंड. हा वर्षास किमान पाव टक्का. लहान घरास महिन्यास सुमारे १६७ रुपये आणि मोठ्यास २५०. पावसाळ्यात गळणारी गच्ची नीट करण्याकरिता, रंगसफेदीकरिता किंवा सण-समारंभाकरिता हा निधी नाही. इमारतीची पुनर्बांधणी किंवा वास्तुविशारदाच्या दाखल्यावरून करावयाची भारी संरचनात्मक दुरुस्ती यांसाठीच सभेच्या ठरावाने तो काढावयाचा. आपल्या आज्या दागिन्यांची पेटी रोजच्या बाजारहाटास उघडीत नसत. तसेच हे आहे.

यांत शिक्षण व प्रशिक्षण निधीचे महिन्याचे १० रुपये मिळविले की लहान घराचे बिल २,९७७ रुपये आणि मोठ्याचे ३,५१० रुपये होते. मालमत्ता कर संस्था भरीत असल्यास तो प्रत्येकाच्या आकारणीप्रमाणे निराळा. विम्याचा हप्ता क्षेत्रफळाप्रमाणे. वाहन उभे करण्याचे शुल्क सभा ठरवील तसे. आता आपणच पाहा, यांत गूढ असे काय आहे? तिसरी-चौथीच्या गणिताहून अधिक काही नाही. काही खर्च सर्वांत सारखा, काही वापराप्रमाणे, काही घराच्या किमतीप्रमाणे. ही वाटणी कोणीतरी न्यायबुद्धीने केलेली आहे, हे एकदा उमगले म्हणजे बिलाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. पुण्याकडे पुष्कळ इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील 'अपार्टमेंट' असतात. तेथे सामाईक खर्च घोषणापत्रात नमूद केलेल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. अर्थात मोठ्या घरास अधिक. मामाच्या सोसायटीतील रीत भाच्याच्या अपार्टमेंटमध्ये लागू होत नाही. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे आधी पाहावे आणि मगच वादास उभे राहावे.

आता दुसरी बाजू. समितीला सर्व काही करता येते असे नाही. कायद्याने तिचेही हात जागोजागी बांधलेले आहेत. घर भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क घेता येते. परंतु १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने त्याची मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के एवढी ठरविलेली असून मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ती उचलून धरली. आपल्या उदाहरणात सेवा शुल्क १,७५० आहे. म्हणजे हे शुल्क १७५ रुपये झाले. एका विधवा भगिनीने उदरनिर्वाहाकरिता आपली सदनिका भाड्याने दिली, तर तिच्याकडून महिन्यास दोन हजार रुपये घेतले जात होते. शासन निर्णयाची प्रत अर्जास जोडून दिल्यावर दोन महिन्यांत तो आकार खाली आला. न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. कागद वाचावा लागला, इतकेच. आणि घरात मुलगी-जावई, भाऊ-बहीण किंवा नातवंडे राहत असतील तर हे शुल्क मुळीच लागत नाही.

घर विकताना हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि अधिमूल्य महानगरपालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये, ही मर्यादा ऑगस्ट २००१ मध्ये शासनाने घालून दिली. त्याहून अधिक रक्कम 'ऐच्छिक देणगी' म्हणून मागण्याचा प्रघात काही ठिकाणी पडला आहे. जी दिल्याखेरीज ना-हरकत दाखला मिळत नाही ती देणगी ऐच्छिक कशी, हे मला अद्याप उमगलेले नाही! घर कुटुंबातील व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावे होत असेल तर अधिमूल्यच लागत नाही. उघड्या जागेतील किंवा इमारतीच्या खांबांमधील वाहनतळ बांधकाम व्यावसायिकास सदनिकेसारखा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला आहे. हेही आपल्यातील नवी घरे घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

परंतु, आणि हा 'परंतु' फार महत्त्वाचा आहे, समिती चुकते म्हणून बिल थांबविणे हा उपाय नव्हे. आपल्यातील कित्येक मानी गृहस्थ येथेच घसरतात. "गळती थांबवा, मग पैसे देतो" असे म्हणून ते वर्षभर बिल भरीत नाहीत. परिणाम काय होतो? आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षास २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज आकारता येते. ३,५१० रुपयांचे बिल बारा महिने थकले तर मुद्दल ४२,१२० आणि २१ टक्के दराने व्याज सुमारे ४,७९१ रुपये होते. थकबाकीदार ठरलेला मनुष्य समितीवर निवडून जाण्यास अपात्र होतो. म्हणजे ज्या ठिकाणी जाऊन तक्रार मांडावयाची ते दारच तो स्वहस्ते बंद करून घेतो. पुढे निबंधकाकडून वसुलीचा दाखला निघतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आहे. त्यातील १५४ब-२९ या कलमात ही तरतूद आहे. तो दाखला जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे अमलात येतो आणि प्रसंगी सदनिकेवर जप्ती येते. ज्या घरासाठी भविष्यनिर्वाह निधी रिता केला, पत्नीचे दागिने मोडले, त्या घराच्या दारावर मानापायी नोटीस लावून घ्यावयाची, यात कोणता मान आहे? बिल 'हक्क राखून' भरावे, तसे पत्रात लिहावे, आणि मग खुशाल भांडावे.

समितीलाही मला एक सांगावयाचे आहे. वसुलीसाठी कायद्याने मार्ग दिला आहे. थकबाकीदाराचे पाणी तोडणे, त्याचे नाव फलकावर लावून त्याच्या मुलाबाळांस खाली मान घालावयास लावणे, हा तो मार्ग नव्हे. नोकरी गेलेल्या किंवा आजारपणात सापडलेल्या सभासदास हप्ते बांधून देण्याचा विचार सभेपुढे ठेवता येतो. सहकार या शब्दात 'सह' आधी आहे, हे पदाधिकाऱ्यांनी विसरू नये.

भांडावयाचे ते कोठे? वार्षिक सर्वसाधारण सभेत. ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयास हवी आणि तिची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी मिळावयास हवी. सूचनेसोबत हिशेबपत्रके येतात. ती रद्दीत न टाकता वाचावी. दुरुस्ती निधी किती जमला, किती खर्च झाला, सिंकिंग फंड निराळा गुंतविला आहे काय, लेखापरीक्षकाने कोणते दोष दाखविले आणि ते दूर झाले काय, हे चार प्रश्न जरी दरवर्षी एका सभासदाने शांतपणे विचारले तरी पुष्कळ कारभार आपोआप सुधारतो. सभेचे इतिवृत्त, हिशेब, सभासदांची नोंदवही पाहण्याचा सभासदास हक्क आहे. कागदपत्रे मिळत नसतील तर उपनिबंधकाकडे आणि ठरावांच्या वैधतेविषयी वाद असेल तर सहकार न्यायालयाकडे दाद मागता येते. पण आपली रीत काय? सभेस वीस माणसे जमत नाहीत म्हणून अर्धा तास वाट पाहावयाची, आणि सभा संपल्यावर जिन्यात उभे राहून पन्नास माणसांनी टीका करावयाची!

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय मुख्यतः निवडला, तिच्याकडे वळतो. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांच्या जुन्या इमारती आज पुनर्विकासास जात आहेत. तीन-चार मजल्यांच्या इमारतीच्या जागी उत्तुंग मनोरा उभा राहावयाचा आहे. नव्या घराचे क्षेत्रफळ किती, मधल्या काळाचे भाडे किती, एकरकमी निधी किती, याची चर्चा घरोघर चालते. परंतु एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो : त्या घरात राहावयास दरमहा किती लागेल? जुन्या इमारतीत एक पहारेकरी आणि एक पाण्याचा पंप होता. नव्या इमारतीत तीन-तीन लिफ्ट, अग्निशमनाची यंत्रणा, जनित्र, सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र, व्यायामशाळा, कदाचित पोहण्याचा तलावही असेल. या प्रत्येक वस्तूस वीज लागते, माणूस लागतो, वार्षिक देखभालीचा करार लागतो. बिल अनेक पटींनी वाढते. एका सभासदाचे मासिक बिल ७,५०० रुपयांच्या वर गेले आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली, तर वस्तू व सेवा कराचाही प्रश्न येतो. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. नवे घर त्याहून मोठे झाले तर ती माफीही जाते. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर किंवा मुलाने पाठविलेल्या पैशावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्याने हे सोसावे कसे? मग ते कोट्यवधींचे घर विकून त्यांना लांब जावे लागते. आणि ज्या वस्तीत जन्म गेला, जेथे देऊळ, वैद्य आणि चार ओळखीची माणसे आहेत, ती वस्ती म्हातारपणी सुटते. घर मिळाले आणि वास्तव्य गेले, असा हा प्रकार होतो.

यास्तव माझी कळकळीची सूचना आहे. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी प्रस्तावित इमारतीच्या मासिक खर्चाचा लेखी अंदाज मागावा. पोहण्याचा तलाव हवा की नको, हे सभेत ठरवावे. विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी मुलामुलींत वाटून न टाकता, निदान त्यातील मोठा भाग सुरक्षित ठेवीत गुंतवावा आणि त्याच्या व्याजातून बिलाचा भार हलका करावा. तो निधी खरे पाहता त्याचकरिता आहे. ज्या इमारती पुनर्विकासास जाणार नाहीत त्यांनी आपली प्रकृती तपासून घ्यावी. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हावयास हवी.

नव्या, मोठ्या नियोजित वसाहतींत घर घेणाऱ्या तरुणांसही दोन शब्द. तेथे प्रत्येक इमारतीची संस्था निराळी आणि रस्ते, बगीचा, सभागृह यांसाठी सर्व संस्थांचा मिळून संघ निराळा असतो. त्यामुळे देणेही दुहेरी असते. ताबा देताना वर्ष-दोन वर्षांचा देखभालखर्च आगाऊ घेतला जातो. त्याचा हिशेब मागावा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ५१ टक्के सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत विकासकाने संस्था स्थापण्यास अर्ज करावयास हवा. संस्था झाल्यावर जमिनीचे अभिहस्तांतरण मागावे. विकासक ते करीत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झालेली आहे. जमीन संस्थेच्या नावावर नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी आपली मुले अडतील.

शेवटी ज्ञातिमंडळाच्या दृष्टीने एक विचार मांडतो. ज्ञातीत शब्दावर काम चालत असे. इमारतीत नियमावर चालते. आपल्या इमारतीत आज निरनिराळ्या जातींची, धर्मांची, भाषांची माणसे राहतात. कायद्यानेही सभासदत्वाचे दार सर्वांस खुले ठेवले आहे. तेथे निवडणुकीच्या वेळी "आपला माणूस" म्हणून गट बांधणे आपल्यास शोभत नाही. आपली ज्ञाती कोणती हे शेजाऱ्यास आपल्या वागण्यावरून कळावे : ज्यांचे बिल वेळेवर येते, जे सभेस हजर असतात, प्रश्न विचारतात पण आवाज चढवीत नाहीत, खजिनदार झाले तर पै-पैचा हिशेब देतात, ते हे लोक. याहून मोठा ज्ञात्यभिमान मला तरी ठाऊक नाही.

मंडळास माझी विनंती आहे की, आपल्या ग्रंथालयात आदर्श उपविधींच्या मराठी प्रती ठेवाव्या आणि महिन्यातील एका रविवारी संध्याकाळी ज्ञातिबांधवांनी आपापली बिले घेऊन यावे. जाणत्यांनी ती समजावून सांगावी. विशेषतः ज्या भगिनींचे पती निवर्तले आहेत आणि घराचे कागद ज्यांनी आजवर पाहिलेले नाहीत, त्यांना या वर्गाचा फार उपयोग होईल. सदनिकेस नामनिर्देशन केले आहे काय, हेही तेथे विचारावे. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, ती वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. परंतु त्यावाचून संस्थेतील पुढचे कामकाज अडते, हे अनेक घरांत ठाऊक नसते. या वर्गास गणित शिकविण्यास मी स्वतः येईन. निवृत्त मास्तरास दुसरे काम तरी कोणते!